शंका नोंदीवर, माणसावर नाही
आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटात एका नवख्या मुलीने जूनमध्ये पुण्यात राखी कोतवाल दिसल्याचं लिहिलं. हा तर हिवाळी पाहुणा! ‘उगाच काहीही टाकू नका,’ कुणीतरी फटकारलं. गटाची नियंत्रक म्हणून मी ती फटकारणारी ओळ काढली आणि त्या मुलीला विचारलं, ‘पोट राखाडी होतं की काळं? चोचीच्या मुळाशी पांढरा ठिपका होता?’ ठिपका म्हणजे साधा कोतवाल. फोटो पाहून तिने स्वतःच नोंद सुधारली.

२००२ साली सुरू झालेल्या ‘ईबर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही अवेळी नोंद आली की स्वयंसेवक तपासनीस आधी तपशील विचारतात. खात्री पटली नाही, तर नोंद निरीक्षकाच्या यादीत राहते. सार्वजनिक माहितीत जात नाही. आमच्या गटात घरट्याचा पत्ता टाकणाऱ्याला मात्र मी तिथल्या तिथे थांबवते. तिथे पिल्लांच्या जिवाचा प्रश्न असतो.