ओरखडा राहू द्या

महागड्या घड्याळावर पहिला ओरखडा उमटला की माणूस पॉलिशवाल्याकडे धावतो, तिथंच चुकतं. पॉलिश ओरखडा भरत नाही, त्याच्या तळापर्यंत भोवतालचं पोलाद घासून काढतं. असं चारदा झालं की केसच्या धारदार कडा बोथटतात, आणि जुन्या घड्याळांचे जाणकार आधी त्याच तपासतात. ‘मग लाखभर मोजून ओरखडे मिरवायचे?’ असं कुणी विचारेल. पण साध्या धुळीतसुद्धा सापडणारा गारगोटीचा कण पोलादाहून कठीण. आजची चकाकी उद्या जाणारच. भारतात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी १९३१मध्ये घडवलेल्या रिव्हर्सो या घड्याळानंही काच तेवढी आत वळवली, फटके पोलादी पाठीवर घेतले. खोल खाच पडलीच, तर लेझर वेल्डिंगनं धातू भरून घेता येतो. तो खर्च खुशाल करावा.