शनिवारी काय करायचं? ईस्टरची गोष्ट आणि अवघड दिवस

पाचोडहून मी बोलतेय. ईअरफोन घरी राहिला असेल, डेटा संपला असेल किंवा एसटीच्या खडखडाटात काही ऐकू येत नसेल, तर हा भाग इथे वाचून काढा. बोलले तसंच उतरवलंय, फक्त मधले हॉर्न काढून टाकलेत. धुळे-सोलापूर हायवे शेजारी असला की तेवढं करावंच लागतं.

ईस्टर तोंडावर आलाय. मागच्या भागानंतर तुमचे बरेच व्हॉइस मेसेज आले. कुणाचे विषय राहिलेत, कुणाच्या घरी कर्ज आहे, कुणाचे वडील गेले, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं. त्यातला एक मेसेज मी तीनदा ऐकला. एक मुलगा म्हणत होता, "ताई, दरवर्षी ईस्टरला सगळे म्हणतात, आशा ठेवा. ती ठेवायची कशी, ते कुणीच सांगत नाही."

प्रश्न रास्त आहे. आजचा भाग त्याच्यावरच.

आधी गोष्ट नीट समजून घेऊ

आपले बरेच श्रोते ख्रिस्ती नाहीत, म्हणून थोडक्यात सांगते. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. आपल्या हिशोबात सांगायचं तर कधी होळीच्या पौर्णिमेनंतर, कधी हनुमान जयंतीनंतर. म्हणजे आपल्याकडे विहिरी तळाला जायला लागतात, टँकरची चर्चा सुरू होते, त्याच दिवसांत.

शुक्रवारी येशूला क्रुसावर मारलं. त्याचे बहुतेक शिष्य पळून गेले होते. पेत्र नावाच्या जवळच्या शिष्याने तर ओळखसुद्धा नाकारली होती. संध्याकाळी अरिमथाईचा योसेफ नावाचा एक माणूस धीर करून राज्यपालाकडे गेला, देह मागून आणला आणि खडकात खोदलेल्या कबरेत ठेवला. तोंडावर मोठी धोंड लोटली. रविवारी पहाटे काही बायका तिथे गेल्या, तर धोंड बाजूला आणि कबर रिकामी. येशू पुन्हा उठला, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा.

चर्चमध्ये शुक्रवारी मोठी उपासना असते, रविवारी पहाटे तर असतेच. मधला शनिवार मात्र शांत जातो. मला वाटतं, आपल्यातले बहुतेक जण त्या शनिवारातच राहतात. वाईट व्हायचं ते होऊन गेलंय, चांगलं काही अजून झालेलं नाही. आणि शनिवारात असलेल्या माणसाला उद्या रविवार आहे हे माहीत नसतं. आपल्याला गोष्टीचा शेवट माहीत आहे. त्या बायकांना तो माहीत नव्हता.

धोंड हलायच्या आधी

आता मार्कच्या शुभवर्तमानात काय लिहिलंय ते बघा. शब्बाथ संपल्यावर, म्हणजे शनिवारी सूर्य मावळल्यावर, मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे या तिघी सुगंधद्रव्यं विकत घेतात. प्रेताला लावायला. थोडक्यात, येशू जिवंत भेटेल अशी त्यांची बिलकुल अपेक्षा नाही. राहिलेलं काम पुरं करायला त्या निघाल्यात.

पहाटे वाटेत त्या एकमेकींना विचारतात, की ती धोंड आपल्यासाठी कोण बाजूला करणार? धोंड फार मोठी होती. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. तरी त्या परत फिरल्या नाहीत.

माझ्या मते त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आशा ही आधी मनात दाटून यावी लागते आणि मग आपण उठतो, असं आपण धरून चालतो. या गोष्टीत उलटं आहे. बायकांच्या मनात दुःख आहे, भीती आहे, हातात सामान आहे आणि पाय चालतायत. धोंड हलायच्या आधी उचललेलं पाऊल, त्यालाच मी आशा म्हणते.

अजून एक गंमत. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सगळ्यात जुन्या पूर्ण प्रतींमध्ये गोष्ट आनंदाने संपत नाही. बायका थरथरत कबरेपासून पळाल्या आणि घाबरल्यामुळे कुणाला काही बोलल्या नाहीत, तिथेच संपते. म्हणजे पहिल्या ईस्टरच्या सकाळीसुद्धा भीती गेलेली नव्हती. तेव्हा तुम्हाला भीती वाटत असेल तर "माझी श्रद्धा कमी पडतेय" असं लगेच ठरवू नका.

योहान सांगतो की त्याच संध्याकाळी शिष्य दारं लावून बसले होते. मला २०२० चा ईस्टर आठवतो, १२ एप्रिलचा. लॉकडाऊन होता, चर्च बंद होती, मोबाइलच्या स्क्रीनवर उपासना चालली होती. तिकडे रोमच्या सेंट पीटर्समध्येसुद्धा पोप फ्रान्सिस जवळजवळ रिकाम्या चर्चमध्ये उभे होते. यंदा ईस्टरच झाला नाही, असं लोक म्हणत होते. खरं तर पहिला ईस्टरही बंद दारांच्या आतच झाला होता.

केडगावच्या रमाबाई

आता आपल्या मराठी मातीतलं एक उदाहरण. पंडिता रमाबाईंचं नाव शाळेत ऐकलं असेल. त्यांच्या आयुष्याकडे आज शनिवारच्या नजरेने बघू.

जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मुलीला आणि बायकोला संस्कृत शिकवणारे. १८७० च्या दशकात दक्षिणेतल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायी फिरत कलकत्त्याला पोहोचले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं आणि १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. कडेवर लहानगी मनोरमा. वय किती? २३. इथल्या कितीतरी श्रोत्यांएवढं.

१८८३ मध्ये इंग्लंडला असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून इकडे केवढं वादळ उठलं! १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं, विधवा मुलींच्या शिक्षणासाठी. १८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावला त्यांनी जमीन घेऊन फळबाग लावली होती. तिथेच 'मुक्ती' उभं राहिलं आणि पुढे शेकडो मुलीबायका तिथे राहिल्या. त्या छपाई शिकल्या, विणकाम शिकल्या, शेती करायला लागल्या.

दुष्काळाने जिचं घर खाल्लं, तीच बाई वीसेक वर्षांनी दुष्काळातल्या मुलींना शोधत गेली. आई-वडील परत आले नाहीत. जखम तशीच होती. पण त्या जखमेमुळेच दुसऱ्याची भूक त्यांना लगेच ओळखू आली. ईस्टरच्या गोष्टीतही असंच आहे. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत, आणि थोमा नावाचा संशयी शिष्य त्याच व्रणांवरून त्याला ओळखतो.

शेवटची बरीच वर्षं रमाबाई एकच मोठं काम करत होत्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पूर्ण बायबल मराठीत आणायचं, तेही खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत. हे काम चालू असताना जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ज्या लेकीच्या हाती सगळं सोपवायचं, तीच गेली. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता, म्हणजे फक्त ११ दिवसांवर. त्यांचं मराठी बायबल १९२४ मध्ये, त्यांच्यामागे बाहेर आलं.

म्हणून सांगते, आपल्या शनिवारचा रविवार आपल्याच डोळ्यांसमोर उगवेल असं वचन मी तुम्हाला देऊ शकत नाही. पण शनिवारी केलेलं काम वाया जात नाही, हे केडगावला बघायला मिळतं.

ताण आणि दुष्काळ, दोन्ही एक नाहीत

आता आपल्या गावाकडे येऊ. पाचोड म्हटलं की मोसंबी. आंबे बहार धरायचा तर हिवाळ्यात बागेचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडतात, काही गळतात. मग ताण तोडायचा, आधी हलकं पाणी, मग नेहमीचं, आणि बाग फुलाने भरते.

हे उदाहरण देऊन लोक पटकन सांगतात, "देव तुला ताण देतोय, बहर येईल." ऐकायला गोड आहे. पण शेतकऱ्याला विचारा. ताण देताना मालक रोज बागेत जातो, पानं बघतो, जमीन हलकी की भारी ते बघून दिवस ठरवतो. २०१२-१३ ला जे झालं तो ताण नव्हता. नाथसागर मृतसाठ्यावर गेला, विहिरी आटल्या आणि हाताने वाढवलेल्या बागा लोकांनी डोळ्यांत पाणी आणून तोडल्या. त्या माणसाला "बहर येईल" म्हणणं क्रूरपणा आहे.

ईस्टरची गोष्ट असं म्हणत नाही. क्रुसावर स्वतः येशूने देवाला विचारलं की तू मला का सोडलंस. आपल्या दुःखाला त्याने धडा किंवा परीक्षा असं गोंडस नाव दिलं नाही. तेव्हा तुमच्या घरावर आलेलं संकट देवाने मुद्दाम पाठवलंय, असं कुणी म्हणालं तर ते मान्य करायची सक्ती तुमच्यावर नाही. प्रश्न विचारणारा माणूस श्रद्धेच्या बाहेर जात नाही.

त्या वर्षी काही बागा वाचल्या, त्या कशा? कुणी फांद्या छाटून झाडाची तहान कमी केली. कुणी बुंध्याशी पाचट, भुसा अंथरून ओल धरली. कुणी टँकर विकत घेतले. बहराचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. झाड जगलं पाहिजे, एवढंच. अवघड वर्षात तेवढंसुद्धा पुष्कळ असतं.

मग करायचं काय?

तीन गोष्टी सांगते, तिन्ही त्याच गोष्टीतून घेतलेल्या.

पहिली, छाटणी करा. सगळी धोंड आज हलवायची नाही. आजचं एकच काम ठरवा. बँकेत जाऊन हप्त्याबद्दल विचारायचं, एक धडा वाचायचा, आजीचं औषध आणायचं. त्या बायकांच्या हातातही एवढंच होतं, सुगंधद्रव्यं.

दुसरी, एकट्याने चालू नका. लूक सांगतो, दोन शिष्य निराश होऊन यरुशलेम सोडून अम्माऊस गावाकडे चालले होते, साधारण ११ किलोमीटर. वाटेत एक अनोळखी माणूस सोबत आला. तो येशूच होता, पण त्यांनी ओळखलं नाही. ते आशेबद्दल बोलले तेही भूतकाळात, एकेकाळी होती म्हणून. त्या सोबत्याने आधी काय केलं? काय झालं ते विचारलं आणि त्यांना सगळं बोलू दिलं. तुमचा मित्र गप्प गप्प असेल, स्टेटस टाकून डिलीट करत असेल, तर त्याला सुविचार फॉरवर्ड करू नका. फोन लावा, काय झालं विचारा आणि मधे न बोलता ऐका.

आणि तुम्हालाच जीव नकोसा वाटत असेल, तर आत्ता, हा भाग अर्धवट ठेवून, १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, २४ तास चालते, मराठीत बोलता येतं. घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला जवळ बसायला बोलवा. यात लाज कसली? देह मागायला योसेफही कुणाच्या तरी दारात गेलाच होता.

तिसरी, जेवा. हसू नका. योहानच्या शुभवर्तमानाच्या शेवटी शिष्य रात्रभर मासे पकडायला गेलेत, हाती काही लागलेलं नाही. पहाटे बघतात तर किनाऱ्यावर येशूने कोळशाचा विस्तव पेटवलाय, त्यावर मासे आहेत, भाकर आहे. ओळख नाकारणारा पेत्रही तिथे आहे. येशू आधी सगळ्यांना खायला घालतो, पेत्राशी बोलणं नंतर. दुःखातल्या माणसाला आधी दोन घास लागतात, समजावणं मागाहून.

यंदा रविवारी पहाटेच्या उपासनेनंतर घरी चहा-नाश्ता झाला की एक डबा भरा. तुमच्या गल्लीत कुणाच्या तरी घरी अजून शनिवार चालू असेल. तो डबा तिकडे पोहोचवा. सोबत उपदेश नको.

पुढच्या भागात बारावीनंतर शहरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींबद्दल बोलू. प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा, मी ऐकते. सगळ्यांना पुनरुत्थान दिनाच्या शुभेच्छा. भेटू.