दुसऱ्या दारावरचा पहारा

सॉफ्टवेअरमधील चुका, सूचना आणि राहिलेली कामे नोंदवण्यासाठी अनेक प्रकल्प ‘ट्रॅक’ ही मुक्त प्रणाली वापरतात. तिच्यातील प्रत्येक नोंदीला तिकीट म्हणतात. मूळ प्रणालीला हात न लावता तिच्यात नवी सोय जोडणारी छोटी आज्ञावली म्हणजे प्लगइन. माणूस ही तिकिटे ब्राउझरमध्ये वाचतो. पण तीच माहिती एखाद्या दुसऱ्या आज्ञावलीला हवी असली तर? पडद्यावरच्या मजकुरातून ती वेचता येते. मात्र पानाची मांडणी बदलली की सारे कोलमडते.

यासाठी ‘रिमोट प्रोसीजर कॉल’ उपयोगी पडतो. दुसऱ्या संगणकावरचे कार्य जणू आपल्याच आज्ञावलीत आहे, अशा रीतीने बोलावायचे, ही त्यामागील कल्पना. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी ती प्रत्यक्षात कशी उतरवली, हे त्यांच्या १९८४च्या शोधनिबंधात मांडले आहे. पुढे १९९८मध्ये ‘एक्सएमएल-आरपीसी’ आली. तिच्यात मागणी आणि उत्तर दोन्ही साध्या मजकुराच्या रूपात, वेबच्या नेहमीच्याच मार्गाने जातात.

ट्रॅकमध्ये हे दार एक प्लगइनच उघडते. इतर प्लगइनांनाही आपली कार्ये त्या दाराशी मांडता येतात. त्यासाठी लेखकाने आपल्या कार्यांच्या गटाचे नाव द्यायचे आणि प्रत्येक कार्याबाबत तीन गोष्टी सांगायच्या: कोणती परवानगी लागेल, कोणत्या प्रकारची माहिती आत येईल व बाहेर जाईल, आणि प्रत्यक्ष काम कोण करील.

यातील परवानगीची गोष्ट सर्वांत नाजूक. दारातून आत येण्याची एक परवानगी आधी तपासली जातेच. त्यानंतर त्या कार्याची स्वतंत्र परवानगी तपासली जाते. ही दुसरी जागा रिकामी ठेवता येते. तशी ठेवणे नेहमीच चूक नसते. अधिकार तिकिटागणिक बदलत असेल, तर तपासणी कार्याच्या आतच करावी लागते. पण जागा रिकामी आणि आतही तपासणी नाही, असे झाले तर दारातून आलेला कोणीही ते कार्य चालवू शकतो.

समजा, एखादे प्लगइन गोपनीय तिकिटे पानावर दाखवत नाही, पण तीच तिकिटे देणाऱ्या त्याच्या कार्यात काहीच तपासत नाही. मग माणसाला न दिसणारी नोंद यंत्राला सहज मिळते. पडद्यावरून झाकले म्हणजे राखले, असे होत नाही.

म्हणून प्लगइन वापरात आणण्यापूर्वी प्रणालीच्या चाचणी-प्रतीवर सर्वांत कमी अधिकारांचे खाते उघडावे, उपलब्ध कार्यांची यादी मागवावी आणि एकेक कार्य चालवून पाहावे. जिथे नकार यायला हवा तिथे उत्तर आले, तर पहारा तिथे नाही, हे समजावे.