कपाटं तीन, किल्ली एकच!

ऑफिसची मेल एका क्लाऊडवर, डेटा दुसऱ्यावर, वेबसाइट तिसऱ्यावर... म्हणजे आपण एकदम सेफ? थांबा, आधी किल्ल्या मोजा!

सोमवारची सकाळ. लोकलमधली धक्काबुक्की संपवून तुम्ही कसेबसे डेस्कवर पोचता. एका हातात मशीनचा पाणचट चहा, दुसऱ्या हाताने लॅपटॉप सुरू. मेल एका कंपनीच्या क्लाऊडवर. क्लायंटच्या फाइल्स दुसऱ्या कंपनीच्या. तुमचं अ‍ॅप चालतं ते तिसरीकडेच. सॅलरी स्लिप, रजेचा अर्ज, गेल्या वर्षीचं अप्रेझल... सगळं काही वर, ढगात! आणि हे सगळं उघडायला तुम्ही जो पासवर्ड टाकता तो? बहुतेक एकच. कॉलेजपासून चालत आलेला, शेवटी जन्मसाल चिकटवलेला. हसू नका, आपण सगळेच त्यातले.

सध्या मीटिंगमध्ये 'मल्टिक्लाऊड' हा शब्द टाकला की माणूस एकदम सीनियर वाटतो. फंडा सोपा आहे. सगळा कारभार एकाच कंपनीच्या क्लाऊडवर ठेवायचा नाही, दोन-तीन ठिकाणी वाटायचा. एक बंद पडला तर दुसरा आहे, शिवाय भाव करायलाही बरं. आणि हा ढग काही आभाळात नाही हं! मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे आणि मुंबईत (आणि चेन्नईतही) आपली क्लाऊड केंद्रं सुरू केली. अ‍ॅमेझॉन २०१६मध्ये मुंबईत आलं, गुगल २०१७मध्ये. तुमचा ढग कदाचित तुमच्या ऑफिसपासून रिक्षाच्या अंतरावर असेल.

एकावर विसंबू नये, हे तर खरंच. २० ऑक्टोबर २०२५ला अमेरिकेतल्या व्हर्जिनियामध्ये अ‍ॅमेझॉनच्या यंत्रणेत गडबड झाली आणि स्नॅपचॅट, सिग्नलसारखी अ‍ॅप्स जगभर आडवी झाली. त्यानंतर नऊच दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टच्या क्लाऊडमध्ये सेटिंगचा एक बदल चुकला आणि तिथेही तोच गोंधळ. दोन्ही वेळा हॅकरबिकर कोणी नव्हता!

मग दोन क्लाऊड घेतले की झालं? नाही ना बॉस. लोच्या पुढेच आहे.

बारा तासांत दुकान बंद

कोड स्पेसेस नावाची एक कंपनी होती. प्रोग्रॅमर मंडळी आपला कोड तिच्याकडे सांभाळायला देत. सगळा कारभार अ‍ॅमेझॉनच्या क्लाऊडवर. जून २०१४मध्ये कोणीतरी तिच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शिरलं आणि पैशाची मागणी केली. कंपनीने घाईघाईने पासवर्ड बदलायला घेतले. पण त्या पठ्ठ्याने आधीच स्वतःसाठी जादा लॉगिन तयार करून ठेवले होते. आपल्याला हाकलतायत हे दिसताच त्याने एकेक गोष्ट उडवायला सुरुवात केली. बारा तासांत बहुतेक डेटा गेला, मशीन गेली आणि बॅकअपही गेले.

हो, बॅकअप होते! पण तेही त्याच पॅनेलमधून पुसता येत होते. कंपनीने जाहीर केलं की आता धंदा चालवणं शक्य नाही. शटर डाऊन! तिथे काम करणाऱ्यांचा विचार करा. सकाळी नोकरी होती, रात्री नव्हती.

दोन प्रती, चूक एक

दुसरा किस्सा ऑस्ट्रेलियातला. युनिसुपर हा तिथला मोठा पेन्शन फंड. सहा लाखांहून जास्त सभासद. त्यांच्या यंत्रणेची प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली, म्हणजे एका जागी काही झालं तर दुसरी हजर. मे २०२४मध्ये दोन्ही एकदम गायब! कारण वाचून डोक्याला हात लावाल. गुगलच्या माणसांनी हा खासगी क्लाऊड उभारताना एका अंतर्गत टूलमध्ये एक रकाना रिकामा सोडला होता. त्याचा अर्थ यंत्रणेने लावला 'मुदत एक वर्ष'. वर्ष संपलं, सगळं आपोआप पुसलं गेलं. आधी सूचनाही नाही. सभासदांना जवळजवळ आठवडाभर आपलं खातं बघता येईना आणि सगळं रुळावर यायला साधारण दोन आठवडे लागले.

तरी युनिसुपर वाचली. का? तिने आणखी एक बॅकअप दुसऱ्याच कंपनीकडे ठेवला होता. गुगलच्याच वेगळ्या साठवणीत ठेवलेले बॅकअपही शाबूत राहिले आणि कामी आले.

इथे मुद्दा नीट लक्षात घ्या. दोन ठिकाणी चालणारी प्रत म्हणजे आरसा. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं. बॅकअप म्हणजे आरशाबाहेरचा फोटो! कोड स्पेसेस आणि युनिसुपर यांच्यात क्लाऊड किती होते हा फरक नव्हताच. एकीचे बॅकअप त्याच किल्लीच्या टप्प्यात होते, दुसरीचे नव्हते. बस, एवढंच.

चोर कुलूप तोडत नाही

आता आपल्या पासवर्डकडे वळू. स्नोफ्लेक ही डेटा साठवणारी सेवा अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गुगल अशा तिन्ही क्लाऊडवर चालते. २०२४मध्ये तिच्या ग्राहक कंपन्यांचा डेटा चोरीला गेला. टिकेटमास्टर, एटी अँड टी अशी बडी नावं त्यात होती. सुमारे १६५ कंपन्यांना धोक्याची सूचना द्यावी लागली. पण स्नोफ्लेकचं कुलूप कोणी फोडलंच नव्हतं! ग्राहक कंपन्यांच्या लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये पासवर्ड चोरणारा व्हायरस शिरला होता. काही लॅपटॉप कंत्राटी मंडळींचे होते. त्याच मशीनवर ऑफिसचं काम, त्यावरच गेम्स आणि त्यावरच फुकटातलं पायरेटेड सॉफ्टवेअर. काही पासवर्ड तर २०२०मध्येच चोरीला गेलेले, आणि तरी २०२४पर्यंत कोणी बदलले नव्हते. पासवर्डनंतरची दुसरी तपासणी या खात्यांवर सुरूच नव्हती.

क्लाऊड वाढले की ही डोकेदुखीही वाढते. प्रत्येकाची सेटिंग्ज वेगळी, परवानग्या वेगळ्या. राजीनामा दिलेल्या सहकाऱ्याला सेंड ऑफचा केक मिळतो, आयडी कार्डही परत घेतलं जातं, पण तिसऱ्या क्लाऊडवरचं त्याचं लॉगिन काढायचं कोणाच्या लक्षात राहतं? म्हणून छोट्या कंपन्यांना खरं सांगायचं तर दोन क्लाऊड अर्धवट सांभाळण्यापेक्षा एक नीट सांभाळा आणि बॅकअप लांब ठेवा. ते जास्त भरवशाचं.

एवढं तरी कराच!

● बॅकअपची किल्ली वेगळी ठेवा. जुना नियम ३-२-१चा: तीन प्रती, दोन प्रकारच्या साठवणीत, त्यातली एक बाहेर. आता त्यात भर घाला: एक प्रत अशी असावी की ठरलेले दिवस ती कोणालाच पुसता येणार नाही. अगदी बॉसलाही!

● दुसरं कुलूप लावा. नुसत्या पासवर्डवर भागत नाही. एसएमएसच्या ओटीपीपेक्षा पासकी किंवा यूएसबीसारखी छोटी सिक्युरिटी की बरी. अ‍ॅडमिन मंडळींना तर यातून सूटच नको.

● दारं एकदम बंद करता आली पाहिजेत. सगळ्या क्लाऊडना एकच लॉगिन असेल तर माणूस गेला की एका झटक्यात सगळं बंद होतं. सोय उत्तम. पण बॅकअपची किल्ली त्या जुडग्यात अडकवू नका.

● रंगीत तालीम करा. बॅकअप घेणं म्हणजे नाटक बसवणं. तो परत लावून बघितला नाही तोवर प्रयोग रंगेल की पडेल, कोण सांगणार? वर्षातून दोनदा तरी बघा आणि घड्याळ लावून बघा.

● नंबर कागदावर लिहा. मेल आणि चॅट दोन्ही बंद पडलं तर कोणाला फोन करायचा? ती यादी क्लाऊडवरच ठेवली असेल तर आनंद आहे!

आणि हो, हे फक्त आयटीवाल्यांचं टेन्शन नाही. सर्ट-इनच्या २०२२च्या आदेशानुसार सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात तर लोकांची माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढा दंड बसला तर इन्क्रिमेंट कोणाचं बुडेल, वेगळं सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, मी तर साधा एक्झिक्युटिव्ह, माझ्या हातात काय? तुमच्या हातात तुमचा पासवर्ड आहे, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर फुकटचं सॉफ्टवेअर न टाकणंही आहे. शिवाय पुढच्या मीटिंगमध्ये विचारायला एक प्रश्न आहे: "आपण बॅकअप परत लावून शेवटचं कधी बघितलं?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले, तर समजा तुम्ही योग्य प्रश्न विचारलात.

आपल्या आयांना हे कधीच कळलं होतं. गावाला जाताना घराची दुसरी किल्ली त्या त्याच पर्समध्ये कधी टाकत नसत. ती शेजारच्या काकूंकडे असायची. पर्स गेली तरी घर उघडायचं!