टाइलखालचं पाणी

खालच्या घराच्या छताला ओल आली की बहुतेक जण आधी बाथरूमच्या टाइल बदलायला निघतात. खर्च होतो, ओल तशीच राहते. कारण पाणी अडवणं हे टाइलचं काम नाहीच. व्हिट्रिफाइड टाइल स्वतः जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते. पण सांध्यांत भरलेलं सिमेंटचं ग्राउट सच्छिद्र असतं. आंघोळीचं पाणी केशाकर्षणाने तिथून उतरतं आणि खोलगट स्लॅबमधल्या विटांच्या कोब्यात साठून राहतं. पुढे ते सळयांपर्यंत पोहोचतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून काँक्रीटला आतून तडे जातात आणि छताचे ढलपे पडू लागतात.

खरा अडसर टाइलखालच्या थरात असतो: पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. हा थर भिंतीवर निदान फूटभर चढवायचा, शॉवरपाशी तर डोक्याच्याही वर. मी सर्वांत जास्त हट्ट धरीन तो कोपऱ्यांचा आणि नहाणी ट्रॅपच्या कडेचा. जमीन आणि भिंत सारखी हलत नाहीत, प्लास्टिकच्या गुळगुळीत पाइपला सिमेंट नीट धरत नाही. थर तिथेच आधी फाटतो. कोपऱ्यात गोलाई द्यावी, जाळीची पट्टी दाबून बसवावी.

थर पुरता वाळला की ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी तुंबवायचं, निदान 48 तास. पातळीची खूण करावी आणि खालच्या शेजाऱ्यांकडे जाऊन छत स्वतः बघावं. घाईतला कंत्राटदार नेमकी हीच पायरी गाळतो. टाइल त्यानंतरच, ट्रॅपकडे मीटरमागे एक-दीड सेंटिमीटर उतार ठेवून.