आजोबांचे घड्याळ आणि आत्याची पत्रिका

आपल्याकडे मूल जन्मास आले की प्रथम घड्याळाकडे पाहण्याची चाल आहे. ती वेळ टिपली जाते, ज्योतिषाकडे जाते आणि तिच्यावरून पत्रिका होते. परंतु पाहिलेले घड्याळ कोणती वेळ दाखवीत होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या घरी तो विचारावयाचा राहिला, त्याची ही हकीकत आहे.

प्राचीन काळी ही अडचण नव्हती. अहोरात्राच्या साठ घटिका; तळाशी छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यात बुडाले की एक घटिका, म्हणजे आजची २४ मिनिटे, भरली. गणना सूर्योदयापासून होई व सूर्योदय गावोगावी निराळा. म्हणून ज्या त्या गावाची वेळ त्या गावापुरती. आगगाडी आणि तारायंत्र आल्यावर हे चालेना. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावरील वेळ ही देशाची प्रमाणवेळ ठरली. मुंबई या रेखांशाच्या पश्चिमेस सुमारे नऊ अंश चाळीस कला आहे. अंशास चार मिनिटे या हिशेबाने मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे पडते. मुंबईकरांस हा बदल रुचला नाही. तेथील महानगरपालिकेने आपली वेळ सोडली नाही आणि एकाच शहरात दोन वेळा १९५५ पर्यंत नांदत राहिल्या. त्यातच महायुद्धामुळे सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात सरकारने प्रमाणवेळ आणखी एक तास पुढे नेली!

आमचे आजोबा, ज्यांस घरात सर्वजण अण्णा म्हणत, गिरगावातील एका चाळीत राहत असत. भिंतीवर लंबकाचे घड्याळ होते व त्यास हात लावण्याची मुलांस बंदी होती, एवढेच आमच्या वडिलांस आठवे. १९४३ च्या कार्तिकात आमच्या आत्याचा जन्म झाला. अण्णांनी वहीत टिपले : दुपारचे २ वाजून १० मिनिटे.

पुढे आजी व अण्णा दोघेही निवर्तले आणि बिऱ्हाड पुण्यास आले. आत्या उपवर झाल्यावर वडिलांनी त्या टिपणावरून पत्रिका करविली. ज्योतिषी मोठे सावध. १९४३ साल पाहून त्यांनी युद्धकाळाचा एक तास वजा केला, नंतर स्थानिक वेळेकरिता ३९ मिनिटे वजा केली. गणितात चूक नव्हती. परंतु त्यामुळे उदित रास, म्हणजे लग्नरास, एका घराने मागे गेली. मीन लग्नाची कन्या कुंभ लग्नाची झाली. वृषभेतील मंगळ तृतीय स्थानातून चतुर्थात आला. आणि आत्या मंगळाची ठरली. स्थळे येत, पत्रिका मागून नेत आणि 'जमत नाही' एवढ्या निरोपासह परत धाडीत. असे आठ-नऊ वर्षे चालले. शेवटी 'आता पुरे' असे आत्यानेच सांगितले. आमची बाराखडी, आमचे शब्दरूपावलीचे पाठांतर, आमच्या मातोश्रींच्या दुखण्यातली रात्रंदिवसाची उठाठेव, सारे तिच्याच हातून झाले.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही हौसेने मोडी शिकलो आणि अण्णांची वही काढून बसलो. वेळ बाळबोधीत होती, ती वडिलांनी वाचली होती. समासात मात्र मोडीत एक ओळ होती व मोडी वडिलांस येत नव्हती. ती ओळ अशी : 'घड्याळ मुंबई वेळेचे. सरकारी नव्हे.'

म्हणजे जी वेळ मुळातच स्थानिक होती, तिच्यातून एक तास ३९ मिनिटे वृथा वजा झाली होती. आत्यास सांगावे की न सांगावे, या विचारात आमचे चार दिवस गेले. शेवटी वही तिच्यापुढे ठेवली. तिने चष्मा लावून त्या अक्षरावरून बोट फिरविले आणि विचारले, "अण्णांना यातले काही कळले नाही ना रे?"

"नाही. ते आधीच गेले होते."

"मग बरे झाले," असे म्हणून तिने वही मिटली व आम्ही चहा घेणार का, हे विचारले.

असो. जातकशास्त्र खरे की खोटे, हा वाद आम्ही येथे घालीत नाही. ज्यांचा विश्वास नाही त्यांनाही हे पटेल की, कागदावरील आकडा अचूक असून उपयोगी नाही, तो कोणत्या मापाचा हेही ठाऊक हवे. वाचकांच्या घरी जुन्या वह्या असतील तर त्यांच्या समासातील मोडी शेरे जाणत्याकडून वाचवून घ्यावेत. आणि ते लिहिणारे अथवा त्यांस ओळखणारे कोणी हयात असेल, तर आधी त्यांस विचारावे.