चार गुंठ्यांतले टोमॅटो

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या एकन काउंटीत १९१० साली मारी क्रोमर या शिक्षिकेने मुलींचा टोमॅटो क्लब काढला. प्रत्येकीने एक दशांश एकरात, म्हणजे आपल्या मापाने बरोबर चार गुंठ्यांत, टोमॅटो लावायचे, स्वतः निगा राखायची, डबे भरायचे आणि विकायचे.

मुलग्यांचे मका क्लब त्याआधीच निघाले होते. पहिला क्लब कोणाचा यावरून ओहायो, इलिनॉय आणि आयोवा आजही भांडतात, भांडू द्यावं. दक्षिणेत मात्र या क्लबांमागे एक बेरकी हिशेब होता. मेक्सिकोतून शिरलेला बोंडभुंगा कापूस फस्त करत होता आणि सरकारी पत्रकांना शेतकरी हसत होते. म्हणून सरकारी कृषी खात्याच्या सीमन नॅप यांनी १९०३ मध्ये टेक्सासातल्या टेरेल गावी शेतकऱ्याच्याच रानात, त्याच्याच हातून प्रयोग करून दाखवला. पुढची पायरी उघड होती: पोराला एकरभर जमीन आणि चांगलं बियाणं द्यायचं, बाप बांधावरून बघेलच. जेरी मूर या पंधरा वर्षांच्या मुलाने १९१० मध्ये एका एकरात २२८ बुशेलांहून अधिक, म्हणजे सुमारे ५८ क्विंटल मका काढला. देशाची सरासरी तेव्हा तीस बुशेलांच्याही आत होती. असं पीक बघून कुठला बाप गप्प बसेल?

मुलींच्या क्लबात बापाला शिकवण्याचा हा डाव मागे पडला, आणि मला तेच अधिक मोलाचं वाटतं. टोमॅटो आंबट असल्यामुळे त्याचे डबे नुसत्या उकळत्या पाण्यातही टिकाऊ होतात; महागडं यंत्र लागत नाही. अंगणात चूल पेटवायची, फळं उकळत्या पाण्यात बुडवून सोलायची, पत्र्याच्या डब्यात दाबून भरायची आणि झाकणाला तापल्या कावियाने डाग द्यायचा. भर उन्हाळ्यात हे काम म्हणजे शिक्षाच. तरी एकनच्या पहिल्याच हंगामात एका मुलीने चार गुंठ्यांतून पाचशेहून अधिक डबे भरले. खर्चाची वही मात्र प्रत्येकीला ठेवावीच लागे. खत किती, मजुरी किती, नफा किती. कापसाचा पैसा बापाच्या किंवा सावकाराच्या हाती जात असे; टोमॅटोचा पैसा मुलीचा होता. कुणी त्यातून शिक्षणाचा खर्च भागवला. उत्तर कॅरोलायनात जेन मॅककिमन यांनी या क्लबांचं जाळंच विणलं.

१९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषी विस्ताराला, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत शेतीचं ज्ञान नेण्याच्या कामाला, केंद्राचा कायमचा पैसा मिळाला आणि मुलामुलींचे हे क्लब सरकारी यंत्रणेत आले. चार पानांचं क्लोव्हर, प्रत्येक पानावर एकेक ‘एच’ (डोकं, हृदय, हात, आरोग्य), हे चिन्ह घेऊन ते ‘फोर-एच’ झाले.

दक्षिणेत ही यंत्रणा वर्णभेदाच्या रेषेनेच चिरलेली होती. टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे थॉमस कॅम्बेल १९०६ पासून फिरत्या गाडीतून कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना शेती शिकवत होते. या शेतकऱ्यांच्या मुलांचे क्लबही वेगळे आणि पैशाने तोकडे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर क्लब एकत्र झाले. मात्र त्या एकत्रीकरणात कृष्णवर्णीय विस्तार अधिकाऱ्यांना बहुतेक ठिकाणी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली ढकललं गेलं.